नागपुरातल्या वधू-वर सूचक मंडळांना खुलं पत्र: खरं लिहिलं म्हणून दुपारच्या सत्रात का?

प्रति,
नागपुरातली सगळी वधू-वर सूचक मंडळं आणि परिचय मेळावा समित्या, त्यांचे अध्यक्ष, सचिव आणि सगळे काका-काकू,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र खरं तर एकाच मंडळासाठी होतं, त्यांना दिलं पण, उत्तर आलं नाही. त्या मंडळाचं नाव मी इथे घेणार नाही, कारण नंतर ओळखीपाळखीत विचारलं तेव्हा कळलं की बाकी ठिकाणीही थोड्याफार फरकानं हेच चालू आहे, आणि मला कोणाची बदनामी करायची नाहीये, मला निर्णय बदलून पाहिजे. म्हणून सगळ्यांनाच लिहितेय आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

निर्णय काय ते आधी सांगते. डिसेंबरच्या मेळाव्यासाठी मी फॉर्म भरला. रास, नाडी, गण, देवक, उंची, रंग, पगार, अपेक्षा सगळं झाल्यावर शेवटी एक रकाना असतो, "शारीरिक दोष किंवा आजार असल्यास". तिथे मी लिहिलं की मला अलोपेशिया आहे म्हणजे आपण चाई म्हणतो ती, डोक्यावर केस नाहीत, भुवया नाहीत, विग वापरते, बाकी तब्येत चांगली आहे. काही दिवसांनी समितीतल्या एका काकांचा फोन आला की यंदापासून मेळाव्याची दोन सत्रं केली आहेत, सकाळी सर्वसाधारण आणि जेवणानंतर विशेष, आणि माझं नाव विशेषमध्ये गेलंय. विशेषमध्ये कोण तर घटस्फोटित, विधवा, विधुर, दिव्यांग आणि "आजारवाले". परिचय पुस्तिकेतही आमची पानं शेवटी, वेगळ्या रंगाच्या कागदावर. मी म्हटलं काका असं काहून, तर ते अगदी मायेनं म्हणाले, "बेटा, तू ते लिहिलंच कशाला? विग चांगला आहे ना तुझा, कोणाला कळते? दुसरा फॉर्म भर, तो रकाना कोरा ठेव, सकाळच्या सत्रात घेऊन टाकतो तुला."

म्हणजे लपवलं तर सकाळी आणि सांगितलं तर दुपारी. मला या नियमाबद्दल बोलायचंय, बाकी सगळं त्याच्यातूनच निघतं.

ज्यांनी मेळावे पाहिले आहेत त्यांना दुपारचं सत्र म्हणजे काय ते सांगायला नको पण बाकीच्यांसाठी सांगते. सकाळी हॉल खच्चून भरलेला असतो, अमरावती वर्धा चंद्रपूर गोंदियाहून लोक आलेले, मांडीवर पुस्तिका, हातात पेन, स्टेजवर मुलगी नाहीतर मुलगा आला की आयाबाया नंबर शोधून त्याच्यापुढे टिक करतात, कोणी फोटो काढतं, कोणी शेजारच्याला कोपरानं ढोसून विचारतं की हे कुठले, यांचं गाव कोणतं. मग जेवणाची घोषणा होते. जेवण झालं की बाहेरगावची मंडळी गाडी पकडायला निघतात, नागपूरची मंडळी पान खाऊन घरी जातात. गेल्या वर्षी मी माझ्या मावसभावासोबत गेले होते, तेव्हा दुपारी एक घटस्फोटित ताई स्टेजवर आली, माइकवर नाव, शिक्षण, नोकरी सांगत होती, आणि समोर मंडपवाल्याची पोरं खुर्च्या एकात एक घालून उचलत होती. तिनं आवाज थोडा वाढवला, पूर्ण माहिती सांगितली, अपेक्षाही सांगितल्या, नमस्कार केला आणि उतरली. तेव्हा सत्रं वेगळी नव्हती, नुसती नावं शेवटी ठेवली होती. आता तुम्ही त्याला नियमच करून टाकला.

माझ्याबद्दल थोडं सांगते म्हणजे मी कोणत्या हक्कानं बोलतेय ते कळेल. मी ३१ वर्षांची, मानेवाड्याला राहते, धंतोलीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. वयाच्या तेविसाव्या वर्षी पार्लरमधल्या ताईला केस कापताना कानामागे एक गुळगुळीत चट्टा दिसला, रुपयाएवढा. तिनं आरसा धरून दाखवला आणि हळूच म्हणाली, चाई पडलीय, डॉक्टरला दाखव. मग तसे अजून पडले, एकमेकांना मिळाले, वर्षाच्या आत डोक्यावर काही राहिलं नाही. नंतर भुवया गेल्या, नंतर पापण्यांचे केस.

केस जाणं म्हणजे फक्त दिसणं असं सगळ्यांना वाटतं. पापण्यांना केस नसले की रस्त्यावरची धूळ थेट डोळ्यात जाते हे कोणाला माहीत नसतं, आणि नागपुरात रस्त्याचं काम कुठे ना कुठे चालूच असतं. नाकातले केस गेले की नाक न सांगता गळतं, खाली वाकून रक्ताची ट्यूब भरताना पेशंटसमोर नाक गळणं काय असतं ते मी कोणाला समजावून सांगू. भुवया नसल्या की कपाळाचा घाम सरळ डोळ्यात उतरतो. आणि पेन्सिलनं काढलेली भुवई दुपारपर्यंत एका बाजूची पुसली जाते, समोरचा माणूस तुमच्याशी बोलताना डोळ्यांत बघायचं सोडून थोडं वर बघायला लागतो, तेव्हा समजायचं की गेली.

विगचं पण सांगते. आत टेप लागतो, वर घामाचे थेंब, मे महिन्यात पारा ४५ च्या वर असतो तेव्हा टेप सुटतो, कडा उचलली जाते. वाऱ्याची भीती. पंख्याखाली बसायची भीती. लहान पोरगं कडेवर घेतलं आणि त्यानं केस धरले तर, ही भीती, म्हणून भावाच्या मुलाला मी कितीतरी दिवस नीट जवळ घेतलं नव्हतं. लग्नात कोणी मागून गजरा माळायला आलं की मानेत ताठरपणा येतो. दिवाळीच्या पहाटे आई सगळ्यांच्या डोक्याला तेल लावते, माझ्या डोक्याला पण लावते, हात थोडा जास्त वेळ ठेवते, दोघीही काही बोलत नाही. मला मे महिना आवडतो हे ऐकून नागपूरचे लोक वेड्यात काढतील पण खरंच आवडतो, कारण मेमध्ये व्हरायटी चौकाच्या सिग्नलला गाडीवर थांबलेली प्रत्येक मुलगी डोक्यापासून नाकापर्यंत स्टोल गुंडाळून असते, फक्त गॉगल दिसतो, तेव्हा मी पण स्टोल बांधून सगळ्यांसारखीच उभी असते, आत विग नसतो आणि कोणी बघत नसतं.

मी विगशिवाय बाहेर जायला लागले त्याला आता काही वर्षं झाली, रोज नाही, पण जाते. तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आमच्या भागातच, त्यामुळे डोक्यावर केस नसलेली बाई ऑटोत बसली की ऑटोवाला न विचारता तिकडेच वळतो. एका दादानं तर भाड्याचे पैसेच घेतले नाहीत, म्हणाले बरी हो ताई. मी त्यांना सांगितलं की मला कॅन्सर नाही, तरी घेतले नाहीत. घरी येऊन खूप रडले, वाईट वाटलं म्हणून नाही, मला वाटतं इतक्या दिवसांत माझ्या डोक्याकडे बघून कोणी चांगलं बोललं नव्हतं म्हणून असेल.

आता आजाराबद्दल, कारण तुमच्या समितीच्या मिटिंगमध्ये म्हणे "लागण" या शब्दावरून बरीच चर्चा झाली. अलोपेशिया एरिआटा हा संसर्गाचा आजार नाही. कंगव्यानं, टॉवेलनं, शेजारी बसल्यानं, लग्न केल्यानं होत नाही. शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच केसांच्या मुळांवर हल्ला करते, केस गळतात, पण मुळं मरत नाहीत, म्हणून कोणाकोणाचे वर्षांनी सुद्धा परत येतात आणि कोणाचे येत नाहीत. शंभरातल्या साधारण दोन जणांना आयुष्यात कधी ना कधी हा होतो, बहुतेकांना एखादा चट्टा पडून भरून येतो, थोड्यांचं माझ्यासारखं पूर्ण जातं. २०११ च्या जनगणनेत नागपूर शहर २४ लाखांचं होतं, त्याचे दोन टक्के काढा, ४८ हजार होतात. त्यातले तुमच्या समाजाचे, तुमच्या गल्लीतले, तुमच्या घरातले किती असतील ते तुम्हीच बघा. ते दिसत नाहीत कारण ते टोपीत आहेत, पदरात आहेत, विगमध्ये आहेत.

मुलांना होईल का, हा प्रश्न स्थळाकडून येतोच, आणि तो विचारायचा त्यांना हक्क आहे, मला राग येत नाही. माझ्या डॉक्टरांनी सांगितलंय की घराण्यात प्रवृत्ती असू शकते पण बहुतेक पेशंटच्या मुलांना हा आजार होत नाही. हे मी कोणालाही समोर बसून सांगीन, रिपोर्ट दाखवीन, थायरॉइडचा पण दाखवीन कारण या आजारासोबत कधी कधी थायरॉइडचा त्रास असतो म्हणून मी तो तपासत असते. पण हे सांगायला समोर कोणी बसलेलं तर पाहिजे ना.

इलाज केला नाही असं समजू नका. डोक्यात आणि भुवयांत स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतली, बारीक सुई असते पण भुवईत घेताना डोळ्यातून आपोआप पाणी येतं. लावायची औषधं झाली. कोणी गुंजा उगाळून लावायला सांगितल्या, कोणी कांद्याचा रस, आईनं सगळं केलं, घरात कांद्याचा वास महिनोनमहिने होता. २०२२ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफडीएनं बॅरिसिटिनिब नावाच्या गोळीला मोठ्या माणसांच्या गंभीर अलोपेशियासाठी मान्यता दिली, पोटातून घ्यायचं या आजाराचं ते पहिलं मान्यता मिळालेलं औषध, त्या गटातल्या गोळ्या आता आपल्याकडेही डॉक्टर देतात. मी घेतल्या, रक्त तपासत तपासत घेतल्या, बारीक लव आली, बंद केल्यावर गेली. सगळ्यांना लागू पडत नाहीत. आता मी थांबलेय. हा माझा निर्णय आहे, आणि मी हरले म्हणून थांबले नाहीये, मला माझं आयुष्य फक्त डोक्याकडे बघण्यात घालवायचं नाही म्हणून थांबलेय.

"टेन्शन घेऊ नको, टेन्शननं केस जातात" हे वाक्य बोलणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे की नका बोलू. आधी केस गेले आणि टेन्शन नंतर आलं. आणि डेंग्यू टायफॉइडनंतर दोन-तीन महिन्यांनी केसांचे पुंजकेच्या पुंजके निघतात ते वेगळं, ते बहुतेक परत येतात, तुमच्या भाचीचे आले म्हणून माझे यायला पाहिजेत असं नाही. पाण्यामुळे, शॅम्पूमुळे, मोबाइलमुळे, हेही नाही. या सगळ्या सल्ल्यांतून एकच गोष्ट पोहोचते की चूक तुझी आहे. आठ वर्षं हे ऐकल्यावर माणूस स्वतःच मान खाली घालून कोपऱ्यातली खुर्ची शोधायला लागतो.

२०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस दोन-तीन दिवसांत हातात यायला लागले तेव्हाचं आठवत असेल सगळ्यांना. टीव्हीवर "टक्कल व्हायरस" म्हणून चाललं. आयसीएमआरची टीम आली, नमुने घेतले, पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी रक्त, केस, गहू तपासून गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियम नावाच्या घटकाकडे बोट दाखवलं, म्हणजे व्हायरसचा संबंधच नव्हता. पण तोवर जे व्हायचं ते झालं होतं. त्या दिवसांत मला आमच्याच बिल्डिंगमधल्या काकूंनी विचारलं होतं की तू शेगावला जाऊन आली होती का, आणि त्यांच्या मुलीला माझ्या गाडीवर बसू दिलं नाही. माझे केस तेव्हा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, त्यांनी स्वतः पाहिलं होतं. भीतीपुढे डोळ्यांनी पाहिलेलं टिकत नाही, म्हणून म्हणते की मंडळासारख्या मोठ्या लोकांनी भीतीच्या बाजूनं नियम करू नये, लोक त्यालाच पुरावा समजतात. "मंडळानंच वेगळं बसवलंय म्हणजे काहीतरी असेलच" असं म्हणतात.

आणि मुलीच्या बाबतीत यात अजून एक जुनी गोष्ट आहे. मी पहिल्यांदा उरलेले केस काढून टाकले तेव्हा काटोलकडून माझी आजी आली होती, तिनं मला पाहिलं आणि ती मटकन खालीच बसली. "माय, पोरीच्या जातीचं डोकं असं नको दिसाले." तिला आजार समजत नव्हता असं नाही. तिनं तिच्या लहानपणी घरातल्या एका म्हाताऱ्या विधवा बाईचं डोकं दर महिन्याला न्हाव्याकडून भादरून घेताना पाहिलं होतं, ती बाई लग्नकार्यात मागच्या खोलीत बसायची, समोर यायची नाही. त्या केशवपनाविरुद्ध १८९० मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकारानं मुंबईत न्हाव्यांनी संप केला होता, आम्ही विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही म्हणाले होते. हातावर पोट असलेल्या माणसांनी तेव्हा ते केलं. आजही बिनकेसाची बाई दिसली की आपल्या लोकांच्या मनात कुठेतरी तेच चित्र उठतं, अशुभ, मागच्या खोलीतली. काका, दुपारचं सत्र ही तीच मागची खोली आहे. आजीनं ते ऐकल्या ऐकल्या ओळखलं, मला सांगावं पण लागलं नाही.

आता माझ्या तक्रारी, एकेक.

पहिली, तुम्ही मला खोटं बोलायला सांगितलं. प्रेमानं सांगितलं, माझ्या भल्यासाठी सांगितलं, मला कळतं, पण त्याचा अर्थ काय होतो बघा. मी विग लावून स्टेजवर जायचं, कोणीतरी पसंत करायचं, साखरपुडा, लग्न, आणि मग पहिल्या रात्री काय करायचं? झोपताना विग काढावा लागतो. की आयुष्यभर नवरा झोपल्यावर झोपायचं आणि तो उठायच्या आधी उठायचं? हिंदू विवाह कायदा १९५५ च्या कलम १२ मध्ये लिहिलंय की महत्त्वाची गोष्ट लपवून, फसवून संमती घेतली असेल तर लग्न रद्द करायला कोर्टात जाता येतं. केस ही तशी गोष्ट आहे की नाही ते कोर्ट ठरवेल, पण मुलीला त्या कोर्टापर्यंत नेणारा सल्ला मंडळ कसं देऊ शकतं? आणि तिथे उभी मी राहीन, तो फोन करणारे काका नाही.

दुसरी, माझा फोटो. समितीनं सांगितलं की खरं आहे तर विगशिवायचा एक फोटो पाठव, फाइलला लागतो. मी पाठवला. तो आठ दिवसांत पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर होता, खाली कोणीतरी "अरेरे" लिहिलेलं आणि हात जोडलेले. मला तो आमच्या लॅबमधल्या एका मुलीनं दाखवला. मला माझ्या डोक्याची लाज नाही, मी तशी बाजारात जाते, पण कुठे जायचं आणि कोणासमोर जायचं हे मी ठरवते. तुम्ही ते माझ्याकडून काढून घेतलं. ज्या कामासाठी माहिती दिली त्याच कामासाठी वापरायची हे आता २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही आलंय, पण मला कायदा दाखवायचा नाही, साधं विचारायचंय, तुमच्या घरातल्या मुलीचा असा फोटो गेला असता तर?

तिसरी मुलांबद्दल, कारण माझ्या मावसभावाचं मी पाहिलंय. मिहानमध्ये चांगल्या कंपनीत आहे, समोरचे केस पंचविशीतच गेले, पुरुषांमध्ये हे वंशातून आणि हार्मोनमुळे होतं, पन्नाशीपर्यंत जवळपास निम्म्या पुरुषांचं थोडंफार होतंच. "मुलाचं चालते, मुलीचं चालत नाही" असं तुमचे लोक म्हणतात, पण चालत कुठे आहे? स्टेजवर निवेदक त्याला टोपी काढायला लावून "चंद्र उगवला" म्हणाले, सगळा हॉल हसला, तो पण हसला. घरी येताना गाडीवर एक शब्द बोलला नाही. त्यानंतर त्यानं हेअर पॅच बसवला, आता तो पोहायला जात नाही, भर उन्हात क्रिकेट खेळत नाही, एकाही लग्नाला येत नाही. त्याचं लग्न का जमत नाही म्हणून मावशी टेकडीच्या गणपतीला जाते. ते हसणं स्टेजवरून सुरू झालं होतं, आणि स्टेज तुमचं होतं.

चौथी, ज्यांच्यासोबत तुम्ही मला दुपारी बसवताय त्यांच्याबद्दल. मला त्यांच्यासोबत बसायची लाज नाही, हे स्पष्ट लिहिते, नाहीतर हे पत्र "मला त्यांच्यातून काढा" असं वाचलं जाईल. घटस्फोटित ताईला, पाय अधू असलेल्या दादाला, कोड असलेल्या मुलीला, कॅन्सरमधून बरी होऊन परत केस आलेल्या मुलीला, कोणालाच वेगळ्या सत्रात का बसवायचं? दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ चा कायदा आहे, त्यातल्या २१ प्रकारांत अलोपेशिया नाही म्हणजे कागदावर मी दिव्यांग पण नाही, पण असते तरी माझं म्हणणं हेच राहिलं असतं. लोकांना स्वतःची निवड करू द्या ना. पुस्तिकेत माहिती आहे, ज्याला नको तो पान उलटेल. तुम्ही आधीच पान उलटून ठेवता.

केस गेल्यावर जे दुःख होतं ते मी सोसलं आणि अजून सोसते, आरशासमोर, न्हाणीघरात, जुने फोटो बघताना, त्यात तुमचा काही दोष नाही. अशा आजारात नैराश्य आणि चिंता जास्त दिसते हे डॉक्टर सांगतात, मी पण काही काळ औषध घेतलंय त्यासाठी. पण त्यातून वर येऊन, हिंमत करून एका रकान्यात खरं लिहायचं आणि त्याची शिक्षा मिळायची, हे दुःख आजाराचं नाही. हे माणसांनी ठरवून दिलेलं आहे, म्हणून ते माणसांना मागे पण घेता येतं.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

मेळाव्यात सगळ्यांचं सत्र एकच ठेवा, नावं नोंदणी क्रमांकानं नाहीतर आडनावाच्या अक्षरानं लावा, वेळ कमी पडत असेल तर दोन दिवस करा पण माणसं वेगळी करू नका. पुस्तिकेतही तसंच, एकच कागद, एकच क्रम.

"शारीरिक दोष" हा रकाना काढा आणि त्याऐवजी "तब्येतीबद्दल सांगायचं असल्यास" असं ठेवा, भरायचा की समोरासमोर बसल्यावर सांगायचं हे उमेदवार ठरवेल. पण सोयरीक पुढे जायच्या आधी दोन्ही बाजूंनी सगळं खरं सांगायचं, आणि समितीतल्या कोणीही कोणाला काही लपवायला सांगायचं नाही, हे तुमच्या नियमावलीत छापा.

लेखी परवानगीशिवाय कोणाचाही फोटो कोणत्याही ग्रुपवर टाकायचा नाही. माझा टाकलेला काढून टाका आणि ज्यांनी पुढे पाठवला त्यांनाही काढायला सांगा. ही मागणी मेळाव्यापर्यंत थांबण्यासारखी नाही, आजच करा.

निवेदकांना ताकीद द्या, केस, रंग, वजन, उंची यावर स्टेजवरून विनोद नाही.

आणि मेळाव्यात सत्कार-भाषणांना जो तासभर जातो त्यातली दहा मिनिटं एखाद्या त्वचारोग तज्ज्ञाला द्या. आपल्याकडे मेडिकल, मेयो, एम्स ही मोठी सरकारी हॉस्पिटलं आहेत, धंतोली-रामदासपेठेत तर गल्लोगल्ली दवाखाने आहेत, कोणीतरी नक्की येईल. चाई आणि कोड लागट नाहीत एवढं एका डॉक्टरनं भरल्या हॉलमध्ये, सकाळी, माइकवर सांगितलं तरी पुष्कळ घरांत फरक पडेल. डॉक्टर मिळत नसेल तर मी शोधून देते, हे काम मी आनंदानं करीन.

तुळशीचं लग्न झालं की मुहूर्त सुरू होतात आणि पुस्तिका छापायला जाते, त्याच्या आधी मला उत्तर पाहिजे. दोन सत्रं तशीच राहिली तर मी माझं नाव मागे घेईन आणि माझ्यासारख्या ज्यांना मी ओळखते त्यांनाही तेच सांगीन. एकच सत्र झालं तर मी सकाळी येईन, विग न लावता येईन आणि माझा नंबर आला की माझी माहिती सांगीन.

बाकी वाचणाऱ्यांना एक विनंती. तुमच्या घरचा फॉर्म ज्या मंडळात आहे तिथल्या सचिवांना तुम्ही स्वतः विचारा की आपल्याकडे अशी वेगळी यादी आहे का. माझ्या एकटीच्या पत्राला उत्तर नाही आलं, दहा पालकांनी विचारलं तर येईल.

मंडळांनी उत्तर कृपया लेखी द्यावं, फोनवर नको, फोनवरचं बोलणं नंतर कोणी मान्य करत नाही.

आपली,
मानेवाड्याची एक मुलगी, आणि तुमच्याकडची एक नोंदणीकृत उमेदवार
नागपूर